हातचा एक

नोकरी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी मुलाखतीच्या तयारीचं पुस्तक पुन्हा उघडलं. 'क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू'. आमच्या धंद्यात असलेल्या कुणालाही या हिरव्या पुस्तकाचं वेगळं वर्णन सांगायची गरज नाही. लग्नात जसा आहेर, तसं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात हे पुस्तक. ते पुन्हा उघडायची वेळ अठ्ठाविसाव्या वर्षी येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

अकरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला होता. अकरा हा आकडा लक्षात आहे, कारण कॉल संपल्यावर स्क्रीनवर तेवढंच उरलं होतं. मग लॅपटॉप परत करायचा पत्ता आला. माझा स्वतःचा जुना लॅपटॉप कपाटात होता, तो काढला, चार्ज केला आणि पुस्तक उघडलं.

त्यात एक प्रश्न आहे. १ ते १००० मधल्या अशा चार संख्या शोधायच्या, की पहिल्या दोन संख्यांच्या घनांची बेरीज ही उरलेल्या दोन संख्यांच्या घनांच्या बेरजेएवढी असेल. अशी सगळी उत्तरं छापा. भोळेपणाने चार लूप एकात एक घातले तर हजार गुणिले हजार गुणिले हजार गुणिले हजार, म्हणजे एक लाख कोटी वेळा तपासणी. शहाणपणाने केलं तर आधी सगळ्या जोड्यांच्या बेरजा एका तक्त्यात लिहून ठेवायच्या आणि कुठली बेरीज दोनदा आली ते बघायचं. मग काम दहा लाखांच्या आसपास येतं. मुलाखत घेणाऱ्याला एवढंच बघायचं असतं, की तुम्ही पहिल्यावरून दुसऱ्यावर किती वेळात येता.

मी तो पाच मिनिटांत लिहिला आणि चालवला. सगळ्यात लहान बेरीज अर्थातच १७२९. एकाचा घन अधिक बाराचा घन, किंवा नवाचा घन अधिक दहाचा घन. हार्डी टॅक्सीतून आजारी रामानुजनला भेटायला गेले आणि टॅक्सीचा नंबर अगदीच नीरस होता म्हणाले, ती गोष्ट आपल्याकडे शाळेपासून सगळ्यांना पाठ असते. त्याच्या खाली माझ्या स्क्रीनवर ओळीच ओळी वाहत होत्या.

मग काही कारण नसताना मी कोडमधला ३ खोडून ४ केला. ओळी एकदम कमी झाल्या. पहिलं उत्तर: ५९ आणि १५८ यांच्या चौथ्या घातांची बेरीज ६३,५३,१८,६५७, १३३ आणि १३४ यांच्या चौथ्या घातांचीही तेवढीच. हे ऑयलरला अठराव्या शतकात माहीत होतं. लॅपटॉप नव्हता त्याच्याकडे, आणि शेवटी शेवटी डोळेही नव्हते.

मग ४ चा ५ केला. काहीच आलं नाही. कर्सर तसाच लुकलुकत राहिला. मला वाटलं, काहीतरी चुकलं. मर्यादा हजारावरून पाच हजारांवर नेली. तरी काही नाही. मग शोधलं तेव्हा कळलं, की चुकलं काहीच नव्हतं. दोन संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज दुसऱ्याच दोन संख्यांच्या पाचव्या घातांच्या बेरजेएवढी असेल, असं एकही उदाहरण आजवर कुणाला सापडलेलं नाही. आणि असं उदाहरण असूच शकत नाही, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.

त्या दिवसांत माझं कसं झालं होतं हे नीट सांगता येत नाही. सकाळी उठून अर्ज भरायचे, त्यांची उत्तरं यायची नाहीत. आईचा फोन आला की सांगायचं, काम जास्त आहे. रूममेट ऑफिसला गेल्या की वाकडच्या त्या फ्लॅटमध्ये फक्त मी आणि फ्रीजचा आवाज. अशा वेळी जगात कुणालाच उत्तर माहीत नसलेला प्रश्न हातात पडणं ही मला कसली तरी सवलत वाटली. इथे मी एकटीच रिकाम्या हाताने बसलेली नव्हते.

तर मी मर्यादा वाढवत गेले. पन्नास हजारांपर्यंत जायचं तर जोड्या सव्वाशे कोटी होतात. एवढ्या बेरजा माझ्या लॅपटॉपच्या मेमरीत मावणार नव्हत्या. त्यावर एक जुना उपाय आहे. सगळ्या बेरजा साठवायच्याच नाहीत. प्रत्येक संख्येसाठी फक्त एक बेरीज हातात ठेवायची, त्यातली सगळ्यात लहान उचलायची आणि तिच्या जागी त्याच रांगेतली पुढची आणायची. बेरजा चढत्या क्रमाने एकामागून एक येत राहतात. लागोपाठच्या दोन सारख्या आल्या की उत्तर सापडलं. हे लिहायला मजा आली. कित्येक महिन्यांत मी असं, फक्त स्वतःसाठी, काही लिहिलं नव्हतं.

पण सहा-सात हजारांच्या आसपास पोचल्यावर बेरजा अचानक ऋण यायला लागल्या. चौसष्ट बिटांचा डबा भरून वाहायला लागला होता. त्यावर मी जे केलं ते जर एखाद्या ज्युनिअरच्या कोडमध्ये दिसलं असतं, तर मी वर दोन ओळींचं प्रवचन लिहून पुल रिक्वेस्ट परत पाठवली असती. मी पूर्णांकाचा प्रकार खोडून तिथे 'डबल' लिहिलं. ऋण आकडे गेले. मी पुढे चालवलं.

रात्री साडेबाराच्या सुमाराला स्क्रीनवर एक ओळ उमटली.

चार संख्या. चारही पाच आकडी, सतरा हजारांच्या आतबाहेर. खाली दोन्ही बाजूंच्या बेरजा. बावीस अंक इकडे, बावीस अंक तिकडे, आणि बावीसच्या बावीस सारखे. मी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अंक वाचला. हात खरोखर थरथरत होते. मग मी अण्णांना फोन लावला.

अण्णांनाच का, तर माझे वडील लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर दिवाणजी आहेत. सदतीस वर्षं एकच दुकान. सोयाबीनची आवक चालू असली की ते हिशोबाच्या वह्या घरी आणतात, त्यामुळे साडेबाराला जागे असणार हे माहीत होतं. आणि आकड्यांचं जे काही माझ्याकडे आहे ते त्यांच्याकडूनच आलेलं आहे. ताळा पाहणं हे मी शाळेच्या आधी त्यांच्या मांडीवर शिकले. गुणाकार झाला की अंकांची बेरीज करून नवाचा ताळा बघायचा. रकान्याची बेरीज झाली की आधी एकक बघायचा; तोच चुकला असेल तर पुढचं तपासण्यात रात्र का घालवायची?

"काय गं माय, काय करलालीस एवढ्या रात्री?"

मी सांगितलं. भराभरा, अर्धवट, ऑयलर वगैरे सगळं त्यात कोंबून. त्यांनी मधे तोडलं नाही.

"आकडे सांग," म्हणाले.

"पाच आकडी आहेत, अण्णा. त्यांचा पाचवा घात म्हणजे—"

"नुसते शेवटचे सांग की."

"एकीकडे सात आणि आठ. दुसरीकडे सहा आणि तीन."

"आणि पाच वेळा गुणायचं?"

"हो. स्वतःलाच स्वतःने."

मग ते तोंडातल्या तोंडात म्हणायला लागले. मला पलीकडून पंख्याचा आवाज ऐकू येत होता. "सात साती एकोणपन्नास, नऊ. सात नव्वे त्रेसष्ट, तीन. सात त्रिक एकवीस, एक. सात एके सात. सातच आला की परत." थोडा वेळ गेला. "आठाचाही आठच येतोय. थांब." मग सहाचा सहा, तिनाचा तीन. "प्रत्येकाचा तोच येतोय गं पाचव्याला. असं असतं होय?"

असंच असतं. कुठल्याही संख्येचा पाचवा घात घ्या, शेवटचा अंक मूळ संख्येचाच येतो. दोनाचे बत्तीस, तिनाचे दोनशे त्रेचाळीस. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे मला कुणी सांगितलं असेलही. माझ्या लक्षात नव्हतं.

"सात आणि आठ पंधरा, पाच," अण्णा म्हणाले. "सहा आणि तीन नऊ. एकीकडं पाच, एकीकडं नऊ. जुळत नाही, माय."

"अण्णा, कॉम्प्युटरनं बावीस अंक दाखवलेत. सगळे सारखे आहेत."

"असतील की. पण एकक जुळत नाही."

मी स्क्रीनकडे पाहिलं. प्रोग्रॅम थांबवायचा राहून गेला होता. पहिल्या ओळीखाली आणखी ओळी आल्या होत्या. बोलता बोलताच आणखी दोन उमटल्या. ज्याचं एकही उदाहरण आजवर कुणालाच सापडलं नाही, ते आता माझ्या लॅपटॉपवर नळ सोडल्यासारखं येत होतं.

झालं होतं ते असं. 'डबल' या प्रकारात संख्येचे पहिले पंधरा-सोळा अंकच खरे राहतात. नव्वद कोटी कोटींच्या पुढे तो प्रत्येक पूर्णांक वेगळा ओळखूच शकत नाही. शेजारशेजारच्या संख्या एकाच खुंटीवर टांगतो. माझ्या बावीस अंकांतले शेवटचे सहा-सात निव्वळ सजावट होते. दोन बेरजा एकमेकींच्या पुरेशा जवळ आल्या की मशीन त्यांना सारखंच म्हणत होतं. आणि मी जसजशी पुढे जात होते, तसतसं 'पुरेसं जवळ' हे अंतर वाढत चाललं होतं.

"उद्या ऑफिस नाही का?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"सुट्टी?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण आत्ताच एका माणसाने फोनवर, कागद न घेता, चार अंकांवरून माझी चूक पकडली होती.

"नोकरी गेली, अण्णा. तीन आठवडे झाले."

पलीकडे पंखा चालू होता. आई उठू नये म्हणून असेल, ते हळू आवाजात बोलले. "मग गेल्या रविवारी काम जास्त आहे म्हणालीस ते?"

"ते असंच."

"हं." वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "शिल्लक किती आहे?"

"तीन लाख ऐंशी हजार."

"भाडं?"

"माझ्या वाट्याचं चौदा."

"कर्जाचा हप्ता साडेअकरा. खाणंपिणं, वीज, मोबाईल धरून पंधरा म्हण. साडेचाळीस." पेन चाललं असणार. "नऊ महिने निघतात. वर साडेपंधरा हजार उरतात." मग जरा थांबून, "आणि इथं आलीस तर भाडंही नाही. झोप आता."

बाकी काहीच बोलले नाहीत. आईला त्यांनी सकाळी सांगितलं. तिचा फोन आला तो वेगळा प्रकार होता, तो इथे लिहीत नाही.

पुढचे काही दिवस मी अर्ज भरून झाले की या प्रश्नाबद्दल वाचत बसायचे. पहिली गोष्ट कळली ती अपमानास्पद होती. रिचर्ड गाय यांच्या 'अनसॉल्व्ड प्रॉब्लेम्स इन नंबर थिअरी' या पुस्तकाच्या १९९४ च्या आवृत्तीत लिहिलं आहे, की एकावर सव्वीस शून्यं एवढ्या बेरजेपर्यंत लोकांनी शोधून झालं आहे, काही सापडलेलं नाही. म्हणजे मूळ संख्या साधारण दीड लाखापर्यंत. माझी पन्नास हजारांची मर्यादा मी जन्मायच्या आधीच कुणीतरी झाडून काढलेली होती.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. घनांना ओळीच ओळी, चौथ्याला मोजक्या आणि पाचव्याला काहीच नाही, असं का व्हावं? याची सिद्धता नाही, पण एक साधा हिशोब आहे. समजा शोधाची मर्यादा दहापट वाढवली. जोड्या शंभरपट होतात, आणि जोडीशी जोडी लावून बघायच्या शक्यता दहा हजारपट. आता या बेरजा बसायच्या कुठे? घनांच्या बाबतीत उपलब्ध जागा हजारपटच वाढतात. माणसं दहा हजारपट, खुर्च्या हजारपट. तेव्हा एका खुर्चीवर दोघं बसण्याचे प्रसंग वाढतच जाणार. चौथ्या घाताला खुर्च्याही दहा हजारपट, म्हणून प्रसंग येत राहतात पण विरळ. पाचव्याला खुर्च्या लाखपट. जितकं पुढे जाल तितकं सभागृह अधिक रिकामं. सापडायचं असतं तर सुरुवातीलाच सापडलं असतं. पुढे मिळण्याची आशा दर पावलाला कमी होत जाते, पण कधीच शून्य होत नाही. त्या महिन्यात हे वाक्य मी जरा जास्तच मनाला लावून घेतलं होतं हे कबूल करते.

अर्थात असे अंदाज फसतातही, कारण संख्यांना आपले हिशोब माहीत नसतात. १७६९ मध्ये ऑयलरने म्हणून ठेवलं होतं, की एखाद्या संख्येचा पाचवा घात इतर पाचव्या घातांची बेरीज म्हणून लिहायचा तर निदान पाच तरी संख्या लागतील. चारांत भागणार नाही. जवळजवळ दोनशे वर्षं कुणाला ते खोटं ठरवता आलं नाही. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांनी सीडीसी ६६०० या त्या काळच्या महासंगणकावर शोध घेतला आणि चारांत भागवून दाखवलं: २७, ८४, ११० आणि १३३ यांच्या पाचव्या घातांची बेरीज म्हणजे १४४ चा पाचवा घात. त्यांचा शोधनिबंध दोन वाक्यांचा आहे. आमच्याकडे स्टँडअप मीटिंगला याहून जास्त बोलतात.

आणि माझ्यासारखं फसणं याचीही एक प्रसिद्ध आवृत्ती आहे. 'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेच्या १९९८ च्या एका भागात होमर फळ्यावर लिहितो: ३९८७ चा बारावा घात अधिक ४३६५ चा बारावा घात बरोबर ४४७२ चा बारावा घात. फर्मानुसार हे अशक्य आहे. पण दहा अंकी कॅल्क्युलेटरवर करून बघा, बरोबर येतं. एककही जुळतो. पटकथाकारांपैकी एकाने मुद्दाम प्रोग्रॅम लिहून असे फसवे आकडे शोधले होते. अण्णांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी तिन्ही संख्या लिहून घेतल्या, अंकांच्या बेरजा केल्या आणि म्हणाले, पहिल्या दोघींना तिनाने भाग जातो, तिसरीला जात नाही, मग बेरीज कशी होईल? होमरच्या लेखकांनी आडत दुकानावर नोकरी केली नव्हती.

दिवाळीला मी घरी गेले. नोकरी मिळायला पुढे आणखी चार महिने लागले, आणि एकाही मुलाखतीत तो घनांचा प्रश्न कुणी विचारला नाही. पण सांगायचं आहे ते पाडव्याच्या आदल्या रात्रीचं. अण्णांच्या नव्या वह्या आल्या होत्या, लाल कापडी बांधणीच्या. पूजेच्या आधी त्यांत काही लिहायचं नसतं, म्हणून जुन्या वहीची शेवटची काही पानं त्यांनी रिकामी ठेवली होती.

मी त्यांना लँडर आणि पार्किनचे आकडे सांगितले. त्यांनी लगेच एकक घेतले. "सात, चार, शून्य, तीन. चौदा. चार. आणि एकशे चव्वेचाळीसचा चार. जुळलं."

"मग बरोबर आहे ना?" मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एकक जुळला म्हणजे बेरीज बरोबर असं कुणी सांगितलं तुला? नाही जुळला तर चूक, एवढंच कळतं त्यातून. पूर्ण आकडे सांग."

मी मोबाईलवर पायथन उघडलं. त्यात पूर्णांक कितीही मोठा झाला तरी एकही अंक गळत नाही, हे आता मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी एकेक घात काढून वाचत गेले आणि ते उजवीकडून रकाने लावून खाली खाली मांडत गेले.

एक कोटी त्रेचाळीस लाख अठ्ठेचाळीस हजार नऊशे सात.

चारशे अठरा कोटी एकवीस लाख एकोणीस हजार चारशे चोवीस.

एक हजार सहाशे दहा कोटी एक्कावन्न लाख.

चार हजार एकशे एकसष्ट कोटी सत्तावन्न लाख पंच्याण्णव हजार आठशे त्र्याण्णव.

खाली त्यांनी पट्टीने दोन रेघा ओढल्या. १४४ चा पाचवा घात मला सांगू नको म्हणाले, आधी आपली बेरीज होऊ दे. मी मोबाईल उलटा ठेवला. आतून आई म्हणाली, जेवायला या, तेव्हा दोघांनीही ओ दिली आणि कुणीच उठलं नाही. अण्णांनी पेनाचं टोक पहिल्या रकान्यावर ठेवलं.

"सात नि चार अकरा. अकरा नि तीन चौदा. चार. हातचा एक."